गोल टाकीची लांबी-रुंदी

आमच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गोल आहे. सोळा वर्षं मी या इमारतीत राहतोय, पण टाकी गोल असण्यात काही वावगं आहे असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. टाकी काळी आहे, तिला झाकण आहे, आणि सकाळी नळ उघडला की पाणी येतं. टाकीकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणारा माणूस मी नव्हे.

एका सोमवारी संध्याकाळी चेअरमनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पाणीपुरवठा कार्यालयाचं पत्र होतं आणि चेहऱ्यावर, एखादं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायला निघालेल्या माणसाचा असतो, तसा प्रसन्न भाव होता.

"प्रूफवाले, हे तुमचं काम."

इमारतीत मला प्रूफवाले म्हणतात. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. म्हणजे पुस्तक छापून व्हायच्या आधी त्यातल्या चुका लाल पेनाने काढतो. पत्रात म्हटलं होतं की प्रत्येक इमारतीने आपल्या टाकीची क्षमता घनमीटरमध्ये कळवावी. त्यावरून रोज किती वेळ पाणी सोडायचं ते ठरेल. पंधरा दिवसांत जी इमारत कळवणार नाही ती किमान वर्गात जाईल. किमान वर्ग म्हणजे दिवसाला वीस मिनिटं. आम्ही बारा बिऱ्हाडं. वीस मिनिटांत बारा बिऱ्हाडांची टाकी कितपत भरणार, हे कळायला गणित लागत नव्हतं.

"टाकीवर लिहिलेलं असेल की," मी म्हणालो.

"उन्हाने उडालंय. नुसतं एक शून्य शिल्लक आहे."

"मग मोजून घ्या कुणाकडून तरी."

"तेच करतेय. तुम्ही सातवीचं गणिताचं पुस्तक केलंय ना?"

इथे माझी चूक मान्य केली पाहिजे. सोसायटीच्या वार्षिक सभेत मी एकदा म्हणालो होतो की सातवीचं अख्खं गणित माझ्या हातून गेलं आहे. ते खरंच आहे. अख्खं गणित माझ्या हातून गेलं आणि त्यातलं काही हाताला लागलं नाही. वृत्तचितीचं घनफळ म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची, हे वाक्य मी झोपेतही म्हणून दाखवीन. 'घनसेंटिमीटर'मधली कुठली वेलांटी ऱ्हस्व आणि कुठली दीर्घ, हेही सांगेन. पण या सूत्रात कुणी कधी खरोखरची टाकी घालत असेल, ही शक्यता मी लक्षात घेतली नव्हती. शिवाय चेअरमनबाईंनी 'तुम्हाला जमणार नसेल तर दुसऱ्या मजल्यावर विचारते' असं म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर मोजणीदारकाका राहतात. त्यांनी आयुष्यभर सरकारी खात्यात जमिनी मोजल्या, आणि निवृत्त झाल्यापासून ते इमारतीतल्या माणसांच्या चुका मोजतात. मी कागद ठेवून घेतला.

बायको घरीच शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे आणि गळ्यात कायम टेप असतो. तो मी मागितला.

"न्या, पण ताणू नका," ती म्हणाली. "टेप ताणला की सगळ्या गिऱ्हाइकांच्या कंबरा बारीक होतात, आणि मग कपडे अंगात जात नाहीत."

टेप, खडू, कागद, पेन्सिल असा सरंजाम घेऊन मी गच्चीवर गेलो. खरं सांगायचं तर, टाकीसमोर उभं राहिल्यावर मला जरा बरंच वाटलं. इतकी वर्षं मी या वस्तूचं पाणी पितोय आणि हिच्या पोटात किती मावतं हे मला माहीत नाही! एखाद्या जुन्या मित्राचं वय विचारायचं राहून गेलं असावं तसं वाटलं.

टाकीभोवती टेप गुंडाळत, संपला की खडूने खूण करत मी एक प्रदक्षिणा पूर्ण केली. टेपवर शेवटचा आकडा साठ होता. एवढ्याशा टेपाने ही बायकांचे ड्रेस कशी शिवते, याचं मला नवल वाटलं. तीन टेप आणि वर बेचाळीस. परीघ दोनशे बावीस सेंटिमीटर. मग लोखंडी शिडीवर चढून उंची मोजली. सत्त्याहत्तर. टाकी माझ्या डोक्यापेक्षा वीतभर उंच होती आणि मी काही सत्त्याहत्तर सेंटिमीटरचा नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण आमच्या धंद्यात डोळ्यांना काय वाटतं याला किंमत नसते; कागदावर काय आहे ते खरं. मी परिघाला तीन पॉइंट एक चारने भागून व्यास काढला, व्यासाची निम्मी त्रिज्या, तिचा वर्ग, त्याला पायने गुणलं, मग उंचीने गुणलं. तीन लाख दोन हजार घनसेंटिमीटर. एक हजार घनसेंटिमीटर म्हणजे एक लिटर.

तीनशे दोन लिटर.

हिशेब मी तीनदा तपासला. कुठेही चूक नव्हती. गुणाकार शुद्ध होते, हातचे जागच्या जागी होते. मग मला नागरिक म्हणून माझं कर्तव्य दिसू लागलं. मी खाली उतरून सूचनाफलकावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आपल्या टाकीत फक्त ३०२ लिटर पाणी मावते, असे मोजणीअंती आढळले आहे. प्रत्येक घराच्या वाट्याला २५ लिटर येतात. सर्वांनी पाणी जपून वापरावे.'

शेजाऱ्यांच्या वाचनाबद्दल माझी तोवर तक्रार होती. सूचनाफलक कुणी वाचतच नाही, असं मी म्हणत असे. त्या संध्याकाळी तो अर्ध्या तासात बाराच्या बारा घरांनी वाचला, आणि लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. जपून वापरण्याची आमच्या इमारतीतली पद्धत अशी की दुसऱ्याने वापरायच्या आत आपण भरून ठेवायचं. जिन्यात नुसता बादल्यांचा खणखणाट सुरू झाला. पिंपं भरली, हंडे भरले, कुकर भरले. मोजणीदारकाकांनी फुलदाणीतली कागदी फुलं काढून तीही भरली. सात वाजता नळातून नुसती हवा फुसफुसू लागली.

सव्वासात वाजता सगळी इमारत आमच्या दारात.

"टाकी रिकामी झाली," चेअरमनबाई म्हणाल्या.

"होणारच," मी म्हणालो. "तीनशे दोनच तर होतं."

"अहो, माझ्या एकटीकडे दोनशे लिटरचं पिंप भरलंय. वर चार बादल्या."

"आमच्याकडे दोन पिंपं," तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला.

मी कागद काढून बेरीज केली. लोकांनी त्या टाकीतून तासाभरात तीन हजार चारशे लिटर पाणी काढलं होतं. तीनशे दोन लिटरच्या टाकीतून! माझ्या अंगावर खरोखर काटा आला. मोटार तर बंद होती. मग हे पाणी आलं कुठून? क्षणभर मला असंही वाटलं की आपण काहीतरी मोठी गोष्ट शोधून काढली आहे.

तेवढ्यात बायको मशीनवरून उठून आली. तिने माझा कागद बघितला, मग टेप बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, टेपची कुठली बाजू वाचलीत?"

"म्हणजे? ही. पांढरी."

"पांढरी बाजू इंचांची आहे. सेंटिमीटर पिवळ्या बाजूला."

बारा बिऱ्हाडांतली माणसं जिन्यात उभी होती. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण सगळ्यांनी एकदम समजूतदार चेहरे केले. मोजणीदारकाका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. अडीच पट तर चुकलास."

"अडीच पट नाही, काका," मी म्हणालो. माझा अपमान झाला होता, पण डोक्यात चक्र फिरू लागलं होतं. "लांबीला अडीच पट. पण इथे तीन बाजूंनी चूक आहे. अडीच गुणिले अडीच गुणिले अडीच. म्हणजे सोळा पट!"

आपली चूक अडीच पट नसून सोळा पट आहे, हे भर जिन्यात पटवून देणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. पण मला त्या सोळाचं खरंच अप्रूप वाटलं होतं. एवढासा इंच सेंटिमीटरच्या अडीच पट. आणि घन झाला की सोळांना पोटात घेतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने सूत्रं हातात घेतली. कपडे वाळत घालायची दोरी टाकीभोवती एकदाच गुंडाळायची, जिथे टोकं जुळतील तिथे गाठ मारायची आणि मग दोरी जमिनीवर पसरून मोजायची, असं तिने सांगितलं. दोरीचं दुसरं टोक धरायला मोजणीदारकाका न बोलावता आले. परीघ भरला पाच मीटर पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे व्यास एक मीटर ऐंशी. उंची एक मीटर पंचाण्णव.

"तळाचं क्षेत्रफळ किती?" काकांनी विचारलं.

"दोन पॉइंट पाच चार चौरस मीटर."

काकांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि जाहीर केलं, "म्हणजे शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य सहा दोन आठ एकर." मग जरा खिन्न होऊन म्हणाले, "एवढ्याशा तुकड्यासाठी मी कधी वाकलोसुद्धा नाही."

वर त्यांनी एक शंका काढली. आपण टाकी बाहेरून मोजली, पण पाणी तर आत असतं. टाकीच्या भिंतीच्या जाडीचं काय? शंका रास्त होती, म्हणूनच जास्त त्रासदायक होती. मी शिडीवर चढलो, झाकण उघडलं आणि भिंतीची जाडी बघायला डोकं आत घातलं. आत काळोख होता, गार वास होता आणि माझा श्वास मोठा होऊन परत येत होता. कुतूहलाने मी आणखी वाकलो. नाकावरून चष्मा सुटला आणि खाली 'डुबुक' झालं.

"चष्मा!" मी ओरडलो. टाकीने तो शब्द चार वेळा म्हणून दाखवला.

प्लंबर दुसऱ्या दिवशी आला. तोवर इमारतीतलं प्रत्येक माणूस पाण्याचा ग्लास हातात घेताना आधी उजेडात धरून बघत होतं आणि मग माझ्याकडे. भिंतीची जाडी अर्धा सेंटिमीटरही नाही, असं प्लंबरने चष्मा परत देताना सांगितलं. "आम्ही शिलाईला कापड सोडतो, तसं सोडून द्या," असा बायकोने निकाल दिला. हिशेब झाला. चार हजार नऊशे साठ लिटर. हजार लिटरचा एक घनमीटर, म्हणजे चार पॉइंट नऊ सहा घनमीटर.

छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी पाणीपुरवठा कार्यालयात गेलो. अर्ज खिडकी क्रमांक तीनवर मिळत होता आणि तिथेच घेतला जात होता. खिडकीमागच्या बाईंनी मला फॉर्म दिला. त्यात मापांचे तीन रकाने होते. लांबी. रुंदी. उंची.

"बाई, आमची टाकी गोल आहे."

"बरं."

"मग लांबी-रुंदीत काय लिहू?"

"लांबी आणि रुंदी."

"गोल वस्तूला लांबी-रुंदी नसते. व्यास असतो."

बाईंनी फॉर्म स्वतःकडे वळवून घेतला आणि वरून खालपर्यंत वाचला. मला सांगायला हरकत नाही, त्यांनी तो माझ्यासारखाच वाचला. बोट ठेवून, एकही ओळ न गाळता. मग म्हणाल्या, "व्यासाला रकाना नाही."

"शेऱ्यात लिहू का?"

"शेरा आमच्यासाठी आहे. तुम्ही लांबी-रुंदी लिहा. रिकामा रकाना असला की अर्ज अपूर्ण. अपूर्ण अर्ज म्हणजे किमान वर्ग."

"पण समजा, खरोखरच टाकी गोल असली तर?"

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी क्षणभर खरंच विचार केला. "मला इथे नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "गोल टाकी अजून एकही आलेली नाही." आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

गोल टाकी आली नाही, कारण ती येऊ शकत नव्हती. हे मला रस्ता ओलांडताना सुचलं. पण खिडकीतली अशी उत्तरं माणसाला नेहमी रस्ता ओलांडतानाच सुचतात.

संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत बैठक बसली. चेअरमनबाईंचं म्हणणं साधं होतं. "एका बाजूने मोजलं तरी एक ऐंशी, दुसऱ्या बाजूने मोजलं तरी एक ऐंशी. दोन्हीकडे एक ऐंशी लिहा आणि मोकळे व्हा."

मी गुणून बघितलं. सहा हजार तीनशे अठरा लिटर. "हे तेराशे अठ्ठावन्न लिटर जास्त आहेत."

"मग उत्तमच. पाणी जास्त वेळ सोडतील."

"पण ते मावणार कुठे? कोपरे कुठायत?"

मोजणीदारकाका म्हणाले, "त्यांना काय कळतंय?" इतर सगळ्यांनी माना डोलावल्या. मी अडून बसलो. मी फार प्रामाणिक आहे अशातला भाग नाही. पण नसलेल्या कोपऱ्यांत नसलेलं पाणी भरलं आहे असं लेखी द्यायचं, ही माझ्या मते अशुद्धलेखनाची परिसीमा होती. शिवाय मनात दुसरंच काहीतरी टोचत होतं. गोल टाकीचं सगळं पाणी सांडू न देता एका चौकोनी टाकीत ओतलं, उंची तीच ठेवली, तर त्या टाकीची बाजू किती असेल?

हे मी मोठ्याने म्हटलं. बायकोचं मशीन थांबलं.

"एक ऐंशीपेक्षा कमी," ती म्हणाली. "चौकोनी कापडातून गोल टेबलक्लॉथ कापला की चार कोपरे उरतात. तेवढे कोपरे नसलेलं, लहान कापड पाहिजे."

"पण किती लहान?"

"ते तुम्ही काढा. सातवीचं पुस्तक तुम्ही केलंय."

लोक गेले आणि मी कागद घेऊन बसलो. कुठला तरी आकडा हवा होता, ज्याला त्यानेच गुणलं की दोन पॉइंट पाच चार तीन येईल. वर्गमूळ काढायची रीत मी तीन पुस्तकांत तपासली आहे आणि ती मला येत नाही. म्हणून मी चाचपडत निघालो. दीड घेतला, तर सव्वादोन. कमी. एक पॉइंट सहा घेतला, तर दोन पॉइंट पाच सहा. जास्त! म्हणजे तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी लपला होता. एक पॉइंट पाच नऊ, जरासा कमी. मला घाम फुटला होता. बायको हातातलं शिवण तसंच धरून शेजारी येऊन बसली.

"मधला बघा ना," ती म्हणाली. "नऊ आणि दहाच्या मधला. साडेनऊ."

एक पॉइंट पाच नऊ पाच. गुणला. दोन पॉइंट पाच चार चार.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे हसलो, की समोरच्या घरातून बघणाऱ्याला वाटलं असतं, यांच्याकडे पाहुणे येणार आहेत. लग्नाला एकवीस वर्षं झाली. पण एका आकड्यासाठी आम्ही असे खांद्याला खांदा लावून बसल्याचं मला आठवत नाही.

खिडकी क्रमांक तीनवर फॉर्म बिनतक्रार घेतला गेला. लांबी १.५९५, रुंदी १.५९५, उंची १.९५, क्षमता ४.९६१ घनमीटर, म्हणजे ४९६१ लिटर. बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "बघा, मिळाली ना लांबी-रुंदी? लोक उगीच वाद घालतात."

मी काही बोललो नाही. इमारतीत मात्र थोडं बोललो. दोन-तीन दिवस मी जिन्यातून जरा सावकाश चढउतार करत होतो, कुणाला काही विचारायचं असेल तर सोय असावी म्हणून.

पुढच्या मंगळवारी तपासनीस आले. उंच, किडकिडीत माणूस, काखेत फाईल, शर्टाचं मधलं बटण तुटलेलं. चेअरमनबाई, मोजणीदारकाका, मी आणि बायको त्यांना घेऊन गच्चीवर गेलो. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली. मग गच्चीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन आले.

"टाकी कुठाय?"

"ही काय."

"ही गोल आहे. मला चौकोनी टाकी तपासायला पाठवलंय. एक पॉइंट पाच नऊ पाच बाय एक पॉइंट पाच नऊ पाच."

"तीच ही," मी म्हणालो.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "मी बावीस वर्षं टाक्या बघतोय."

त्यांनी फाईल उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. मुद्दा एक: नोंदलेली टाकी जागेवर आढळली नाही. मुद्दा दोन: जागेवर न नोंदलेली टाकी आढळली. दोन्ही मुद्द्यांवर जोडणी बंद करता येते, असं त्यांनी सांगितलं. आणि दोन्ही एकाच गच्चीवर सापडल्याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

चेअरमनबाईंचा आवाज चढला. "म्हणजे आमची एक टाकी चोरीला गेली आणि एक आकाशातून पडली?"

"ते मी लिहिलेलं नाही. मी फक्त आढळलेलं लिहितो."

मग त्यांनी पोलादी टेप काढून टाकी स्वतः मोजली. आकडे आमचेच आले. खिशातल्या कॅल्क्युलेटरवर गुणून ते म्हणाले, "चार हजार नऊशे साठ. तुम्ही लिहिलंय एकसष्ट. एक लिटर कुठाय?"

"बाष्पीभवन," मोजणीदारकाका लगेच म्हणाले.

मला आता रडू येईल असं वाटू लागलं. बारा घरांचं पाणी माझ्या एका आकड्यामुळे बंद होणार होतं. शेजारी मला पाण्यात पाहायला लागतील, आणि पाणी नसल्यामुळे तेही धड जमणार नाही. पण तपासनीस फाईल मिटेनात. त्यांची पेन्सिल त्या १.५९५वर टेकली होती.

"हा आकडा आणलात कुठून?" त्यांनी विचारलं. आवाज सरकारी नव्हता.

मी सांगितलं. दीड, एक पॉइंट सहा, मधला, त्याच्या मधला; आणि शेवटचा आकडा किंचित वर सरकवला म्हणून तो एक लिटर जास्त आला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कागदावर काहीही बसतं हो. गोल ते गोल, चौकोनी ते चौकोनी."

"मग कागदावर नका बघू," बायको म्हणाली. "खाली चला. डब्यात बघा."

आमच्या पुढच्या खोलीत बटणांचे पाच-सहा गोल डबे आहेत. त्यांतला कुठला घ्यायचा हे तपासनिसांनाच निवडू दिलं. त्यांनी संशयाने सगळ्यात मागचा काढला. मोजला: व्यास वीस सेंटिमीटर, उंची पंधरा. मी कागदावर झटापट करून सांगितलं, "बाजू सतरा पॉइंट सात." बायकोने पुठ्ठा घेतला, त्यावर खडूने रेघा मारल्या आणि कात्री चालवली. तिचा हात चालू लागला की बघणाऱ्याने गप्प बसावं. दहा मिनिटांत पुठ्ठ्याचं चौकोनी खोकं तयार झालं, कडा इतक्या सरळ की तपासनिसांनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

गोल डबा बटणांनी काठोकाठ भरून वर पट्टी फिरवली. मग तो खोक्यात ओतला. खळाळत बटणं पडत गेली. पांढरी, निळी, लाकडी, शिंपल्याची. चेअरमनबाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. शेवटचं बटण पडलं. बायकोने खोकं जरा हलवलं, आणि तपासनिसांनी स्वतः पट्टी फिरवली.

काठोकाठ. पट्टी कशालाही अडली नाही आणि खाली फटही राहिली नाही.

तपासनिसांनी पट्टी उलटी करून पुन्हा एकदा फिरवली.

"परत ओता," तपासनीस म्हणाले.

खोक्यातून डब्यात ओतलं. काठोकाठ. "परत," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः ओतलं, गुडघ्यांवर बसून, फाईल सोफ्यावर टाकून. "बावीस वर्षं," ते डब्याकडे बघत म्हणाले, "मी आकडे जुळतात का एवढंच बघत आलो. ते का जुळतात, हे कुणी दाखवलंच नव्हतं."

बायको म्हणाली, "शर्टाच्या बटणाचं काय झालं?"

त्यांनी हात छातीवर नेला. "महिना झाला. जुळतं मिळत नाही."

तिने बटणांत बोटं घालून दोन मिनिटांत जुळतं काढलं. टाके घालायला सुई पुढे केली तेव्हा ते दचकून मागे सरले. "तपासणी चालू आहे. हे चालेल का?"

"टाकी गोलच राहणार आहे," बायको म्हणाली. "शर्टामुळे ती चौकोनी होत नाही."

बटण लागल्यावर त्यांनी फाईल घेतली, मुद्दा एक आणि मुद्दा दोन खोडले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'टाकी गोल आढळली. तीत मावणारे पाणी नोंदलेल्या चौकोनी टाकीइतकेच असल्याची समक्ष खात्री केली. एक लिटरची तफावत प्रामाणिक आहे.' खाली सही. मी ते वाचलं. 'तफावत प्रामाणिक' हे भाषेच्या दृष्टीने योग्य नाही. पण मी आयुष्यात पहिल्यांदाच एक चूक तशीच जाऊ दिली.

आम्हाला रोज दोन तास पाणी मिळू लागलं. चेअरमनबाईंनी सूचनाफलकावर आभार मानले आणि त्यात माझं आडनाव चुकीचं लिहिलं.

महिन्याभराने एका रविवारी दारावर टकटक झाली. समोरच्या इमारतीचे सेक्रेटरी होते. आम्ही एकमेकांना खिडकीतून ओळखत होतो, पण बोलणं असं कधी झालं नव्हतं. त्यांच्या हातात पाणीपुरवठा कार्यालयाचा फॉर्म होता, पण नवा. म्हणे आमचा शेरा फाईलबरोबर वर गेला, वरच्या साहेबांनी चौकशी केली, तेव्हा लक्षात आलं की गावातल्या बहुतेक टाक्या गोलच आहेत. तेव्हा त्यांनी ताबडतोब फॉर्म बदलून टाकला. आता त्यात दोनच रकाने होते. व्यास. उंची.

"आणि आमची टाकी सिमेंटची आहे," सेक्रेटरी केविलवाण्या आवाजात म्हणाले. "दोन मीटर बाय दोन मीटर. तीन नंबरच्या बाई म्हणतात, चौकोनाला रकाना नाही. आता चौकोनी टाकीचा व्यास मी आणू कुठून?"

उत्तर मला माहीत नव्हतं. पण बायकोने मशीन थांबवलं होतं, आणि माझा हात आपसूक पेन्सिलीकडे गेला होता. दोन दुणे चार. आता पायने गुणायचं की भागायचं?

"भागायचं," बायको म्हणाली.

भागलं. एक पॉइंट दोन सात. आता त्याचं मूळ. एक पॉइंट एक, कमी. एक पॉइंट दोन, जास्त. सेक्रेटरी आधी उभे होते, मग टेकले, मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"एक पॉइंट एक तीन बघा," ते दबक्या आवाजात म्हणाले.

बसला. त्रिज्या एक पॉइंट एक तीन, व्यास दोन मीटर सव्वीस सेंटिमीटर. त्यांनी तो आकडा फॉर्मवर लिहिला आणि एकदम त्यांचा चेहरा पडला. "पण तपासणीला आले आणि म्हणाले, गोल टाकी कुठाय?"

"घाबरू नका," मी म्हणालो. "टाकी तशीच चौकोनी राहू दे. तिच्यातलं पाणी गोल आहे म्हणून सांगा."